पोटातला न दिसणारा बांध

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव महाराष्ट्राला माहीत झाले ते पाण्यामुळे. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले, तेव्हा गावाजवळ पाझर तलाव नव्हता असे नाही. तलाव होता, पण त्याचा बांध गळका होता. पावसाळ्यात अडलेले पाणी बांधातूनच निघून जाई आणि उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडत. गावकऱ्यांनी श्रमदानाने तो बांध दुरुस्त केला, तेव्हा त्याच्या खालच्या अंगाच्या सात विहिरींना भर उन्हाळ्यात पाणी राहिले. पुढे नालाबांध, चर, वृक्षलागवड असे पुष्कळ घडले आणि त्याचे कौतुकही झाले. परंतु मुळात बांध एका दिवसात गळका होत नाही. तो कोठे खचतो आहे हे वेळेवर पाहणारा कोणी असावा लागतो.

मनुष्याच्या शरीरातही असा एक बांध असतो. हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. डॉक्टर मंडळी तिला एओर्टा म्हणतात. हृदयातून वर निघून ती कमानीसारखी वळते, छातीतून पाठीच्या कण्याला लागून खाली उतरते आणि बेंबीच्या आसपास दोन्ही पायांसाठी दुभागते. पोटातील तिची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याएवढी असते. वय, तंबाखूचा धूर, वाढलेला रक्तदाब आणि काही घराण्यांतील आनुवंशिकता यांमुळे तिच्या भिंतीतील लवचीक तंतू झिजतात. मग रक्ताच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तेवढा भाग बाहेर फुगू लागतो. पोटातील महाधमनीची रुंदी तीन सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक झाली की त्या फुगवट्याला ॲन्युरिझम म्हणतात.

हा फुगवटा बहुधा दुखत नाही. तो वर्षानुवर्षे वाढतो आणि माणूस दुकानात बसतो, उधारी वसूल करतो, नातवंडांना शाळेत सोडतो. फुगवटा फुटला तर मात्र अवधी फारच थोडा उरतो. फुटलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स द गॉल ९ नोव्हेंबर १९७० च्या संध्याकाळी आपल्या घरी पत्ते मांडून बसले असताना एकाएकी कोसळले आणि थोड्याच वेळात गेले. कारण हेच होते. ऐंशीवा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला होता.

अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे प्रकरण अधिक बोलके आहे. पोटदुखी वारंवार उठत असे म्हणून १९४८ साली डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्यांचे पोट उघडले आणि आत महाधमनीचा मोठा फुगवटा आढळला. फुगलेला भाग काढून तेथे कृत्रिम नळी बसवण्याची विद्या तेव्हा अवगत नव्हती. निसेन यांनी फुगवट्याभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला, जेणेकरून त्याच्या भोवती घट्ट आवरण तयार व्हावे. त्या आवरणावर आइन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक काळ जगले. एप्रिल १९५५ मध्ये फुगवटा गळू लागला, त्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करून घेण्यास नकार दिला आणि १८ एप्रिलला त्यांचे निधन झाले. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या शास्त्रज्ञाच्या पोटात काय आहे, हे पोट चिरल्याखेरीज कोणास कळले नाही, ही त्या काळाची मर्यादा होती.

याच्या शेजारी अलीकडची एक घटना ठेवून पाहावी. रजनीकांत या नावाने जग ज्यांना ओळखते ते मूळचे शिवाजीराव गायकवाड, बंगळुरूच्या मराठी कुटुंबात १२ डिसेंबर १९५० रोजी जन्मलेले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी ते चेन्नईच्या अपोलो रुग्णालयात दाखल झाले. हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत, म्हणजे एओर्टामध्ये सूज आढळल्याचे आणि शस्त्रक्रिया न करता नळीच्या मार्गाने स्टेंट बसवून ती सूज पूर्णपणे बंद केल्याचे रुग्णालयाने पत्रक काढून सांगितले. त्यांचे वय तेव्हा ७३ होते. काही दिवसांतच ते घरी परतले आणि १० ऑक्टोबरला त्यांचा चित्रपट ठरल्याप्रमाणे पडद्यावर आला. आइन्स्टाइन यांच्या वाट्याला सेलोफेनचा कागद आला आणि गायकवाडांच्या वाट्याला स्टेंट. पण स्टेंटच्याही आधी एक गोष्ट बदलली होती. शरीर न उघडता आतले दिसू लागले होते आणि त्याचे मिलिमीटरपर्यंत माप घेता येऊ लागले होते.

माप एवढे महत्त्वाचे का, हे अडत बाजारात उमेदवारी केलेल्या माणसास लवकर कळेल. धान्याचे पोते जेथे फुगते तेथेच उसवते. फ्रेंच गणिती लाप्लास यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो: आतला दाब तोच राहिला, तरी नळीची रुंदी वाढली की भिंतीवरचा ताण वाढतो. त्यातून फुगताना भिंत पातळही होत जाते. म्हणजे ताण वाढतो आणि तो सोसणारी भिंत दुबळी होते. हे दोन्ही एकाच वेळी. लहान फुगवटा वर्षाला सरासरी दोन-तीन मिलिमीटर वाढतो आणि मोठा होईल तशी त्याची गतीही वाढते.

अमेरिकेत, प्रकृतीमुळे शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या किंवा तिला नकार देणाऱ्या रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५.५ ते ५.९ सेंटिमीटरच्या फुगवट्यांपैकी वर्षभरात सुमारे ९ टक्के फुटले होते, सात सेंटिमीटर व त्याहून मोठ्यांपैकी सुमारे ३२ टक्के. चार सेंटिमीटरच्या आतील फुगवटा फुटणे मात्र अगदी विरळा. तेव्हा ‘ॲन्युरिझम आहे’ एवढ्या वाक्याने काहीच निश्चित होत नाही. किती सेंटिमीटर, हा आकडा लागतो.

आता एका घराची कल्पना करावी. वडिलांचे वय ६८, तरुणपणी विडी ओढलेली, पंधरा वर्षांपूर्वी सोडलेली. मूत्रविकारासाठी सोनोग्राफी केली असता अहवालात सहज एक ओळ येते: पोटातील महाधमनी ४.६ सेंटिमीटर. थोरला मुलगा म्हणतो, पुण्याला नेऊन याच आठवड्यात ऑपरेशन उरकून टाकू. काका म्हणतात, काही दुखत नाही ना, मग कशाला उकरून काढता? दोघांचेही प्रेम खरे आहे आणि दोघांचाही सल्ला चुकीचा आहे.

मुलाच्या म्हणण्याची कसोटी ब्रिटनमध्ये लागलेली आहे. चार ते साडेपाच सेंटिमीटरचा फुगवटा असलेल्या १,०९० रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाची लगेच शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्यावर सोनोग्राफीने नजर ठेवली आणि फुगवटा ५.५ च्या पुढे गेला, वेगाने वाढला किंवा दुखू लागला तरच शस्त्रक्रिया केली. १९९८ साली निष्कर्ष आला. लगेच शस्त्रक्रिया केलेल्यांचे आयुर्मान अधिक नव्हते. अमेरिकेतील अशाच अभ्यासाने २००२ साली तेच सांगितले. शस्त्रक्रियेला स्वतःची जोखीम असते आणि लहान फुगवट्याच्या बाबतीत ती, फुटण्याच्या जोखमीपेक्षा कमी ठरत नाही. भीतीपोटी केलेली घाई येथे तोट्याची आहे.

काकांचे म्हणणे तर त्याहून धोक्याचे. कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादित ठरते, हे व्यापाऱ्यांना सांगावे लागत नाही. परंतु त्याआधीच, हप्ता चुकल्यापासूनच, बँक ते खाते विशेष नजरेखाली घेते. खाते अजून बुडालेले नसते, त्यावर कारवाईही होत नाही. तरी अधिकारी त्याच्याकडे पाठ फिरवत नाही. महाधमनीचेही असेच आहे. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा प्रघात असा: तीन ते ४.४ सेंटिमीटरपर्यंत वर्षातून एकदा सोनोग्राफी, ४.५ ते ५.४ पर्यंत दर तीन महिन्यांनी, आणि ५.५ झाले की रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाकडे रवानगी. आपल्या कल्पनेतील वडिलांना तीन महिन्यांनी पुन्हा त्याच टेबलावर झोपायचे आहे. या तारखा चुकवणारे घर, थकबाकीची नोटीस न वाचता गल्ल्याखाली सरकवणाऱ्या दुकानासारखे होय.

‘त्याच टेबलावर’ हे शब्द सहज लिहिलेले नाहीत. सोनोग्राफी स्वस्त आहे, तीत किरणोत्सर्ग नाही, सुई टोचावी लागत नाही आणि फुगवटा आहे की नाही हे सांगण्यात ती सहसा चुकत नाही. पण माप भिंतीच्या आतल्या कडेपासून घेतले की बाहेरच्या, नळी तिरकी धरली की सरळ, यावर दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतात. सीटी स्कॅनचे माप बहुधा सोनोग्राफीपेक्षा थोडे अधिक येते. मागच्या वेळी सोनोग्राफीत ४.६ आणि या वेळी दुसऱ्या शहरात सीटीवर ५.०, एवढ्यावरून फुगवटा चार मिलिमीटरने वाढला असे म्हणता येत नाही. शक्यतो केंद्र तेच, पद्धत तीच आणि हातात जुने सर्व अहवाल असावेत. हिशेबाच्या चोपड्या वर्षानुवर्षे जपणाऱ्या घरांना हे अवघड जाऊ नये. तरी औषधाच्या चिठ्ठ्या आणि तपासणीच्या फिल्म मात्र घरोघरी प्लॅस्टिकच्या पिशवीत चुरगळलेल्या सापडतात.

शस्त्रक्रियेचा विचार सुरू झाला की सीटी अँजिओग्राफीची पाळी येते. शिरेतून औषध देऊन काढलेल्या या चित्रांत फुगवटा कोठून सुरू होतो, मूत्रपिंडाच्या धमन्या त्यापासून किती दूर आहेत, मान किती लांब आहे, वळणे कशी आहेत, हे सर्व दिसते. स्टेंट बसेल की पोट उघडावे लागेल, याचा निर्णय त्यावरच होतो. पूर्वी फक्त कॅथेटर घालून अँजिओग्राफी करीत, तेव्हा एक फसगत होई. फुगवट्याच्या आत रक्ताची गुठळी थरावर थर साचते आणि मधला रक्ताचा मार्ग जवळपास पूर्वीइतकाच अरुंद राहतो. अँजिओग्राफीत तेवढा मार्गच उजळत असल्याने मोठा फुगवटाही लहान वाटे. सीटीत गुठळी आणि भिंत दोन्ही दिसतात. मात्र ते औषध मूत्रपिंडावर भार टाकू शकते. म्हणून क्रिएटिनिनची तपासणी आधी करून घ्यावी, आणि मधुमेही माणसाने आपली औषधे डॉक्टरांना अगोदर सांगावीत.

मधुमेहावरून एक विचित्र गोष्ट. मधुमेह असणाऱ्यांत हा विकार कमी आढळतो आणि फुगवटाही हळू वाढतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मिठाईचा दुसरा तुकडा उचलण्यास हे कारण पुरेसे नाही; हृदय, डोळे आणि मूत्रपिंडे यांचा हिशेब वेगळा चालतो.

केवळ रुंदीवर सर्व सोपवणे कितपत योग्य, हा प्रश्न डॉक्टरांनाही पडलेला आहे. साडेपाचच्या आतले काही फुगवटे फुटतात, सातपर्यंत गेलेले काही वर्षानुवर्षे टिकतात. स्त्रियांमध्ये हा विकार कमी. पण झाला तर कमी रुंदीवर फुटण्याचा संभव पुरुषांच्या कैक पटींनी अधिक, म्हणून त्यांच्यासाठी पाच सेंटिमीटरलाच विचार सुरू करतात. भिंत कोठे दुबळी आहे हे थेट पाहण्याचे प्रयत्न चालू आहेत. सीटीच्या चित्रांवरून संगणकाने भिंतीच्या प्रत्येक बिंदूवरील ताण मोजला जातो. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा येथील संशोधकांनी लोहाचे अतिसूक्ष्म कण शिरेतून देऊन एमआरआयमध्ये भिंतीचा दाह टिपला. ३४२ रुग्णांच्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१७ साली आला. दाह दिसणारे फुगवटे अधिक वेगाने वाढत होते हे खरे ठरले. परंतु रुंदी, धूम्रपान इत्यादी माहीत असलेल्या गोष्टींपलीकडे त्यातून फारसे नवे भाकीत हाती लागले नाही. तूर्त साधी मोजपट्टीच टिकून आहे. महागडे चित्र म्हणजे अधिक खरे चित्र, असा समज ज्यांचा असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

स्टेंटची पद्धत अर्जेंटिनाचे डॉ. हुआन पारोदी यांनी १९९० साली ब्वेनोस आइरेसमध्ये प्रथम यशस्वी केली. जांघेतून नळी वर नेऊन फुगवट्याच्या आत कापडी आवरणाचा स्टेंट बसवतात. रक्त त्यातून वाहते आणि फुगलेल्या भिंतीवरचा भार उतरतो. ब्रिटनमधील तुलनेत पहिल्या ३० दिवसांतील मृत्यू स्टेंटनंतर १.७ टक्के आणि पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ४.७ टक्के होते. मात्र ही आघाडी पुढील वर्षांत टिकली नाही. स्टेंटच्या कडेने रक्त पुन्हा फुगवट्यात झिरपू शकते, म्हणून स्टेंटनंतरही आयुष्यभर ठरावीक काळाने तपासणी करावी लागते. बांध दुरुस्त झाला म्हणजे त्याची पाहणी थांबली, असे नाही.

हे सर्व त्यांच्यासाठी, ज्यांना फुगवटा असल्याचे समजले आहे. ज्यांना समजलेच नाही त्यांचे काय? ब्रिटनमध्ये ६५ ते ७४ वयाच्या सुमारे ६७,८०० पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना सोनोग्राफीचे बोलावणे गेले, निम्म्यांना नाही. २००२ साली दिसून आले की बोलावणे गेलेल्या गटात या विकाराने होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी होते. त्यावरून तेथे ६५ व्या वर्षी प्रत्येक पुरुषाला एकदा पोटाच्या सोनोग्राफीचे पत्र जाऊ लागले. पट्टी तीन सेंटिमीटरच्या आत आली की पुन्हा येण्याची गरज नाही. भारतात असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही; पत्र येणार नाही, तेव्हा तारीख घरच्यांनीच लक्षात ठेवायची. ६५ पूर्ण केलेला, आयुष्यात कधी काळी विडी-सिगारेट ओढलेला पुरुष, आणि वडील किंवा भाऊ यांना हा विकार झालेली व्यक्ती, यांनी डॉक्टरांना याविषयी अवश्य विचारावे.

आपल्या समाजात शिबिरांची परंपरा मोठी आहे. नेत्रतपासणी, रक्तदाब, साखर यांची शिबिरे तालुक्याच्या गावोगावी होतात. जैन सोशल फेडरेशनने अहिल्यानगरला आचार्य आनंदऋषीजींच्या नावाने उभे केलेले रुग्णालय तर सर्वांना परिचित आहे. तेव्हा शिबिरातच एक सोनोग्राफी यंत्र ठेवावे असे कार्यकर्त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु गर्भलिंगनिदानाचा गैरवापर रोखण्यासाठी १९९४ चा केंद्रीय कायदा आहे. महाराष्ट्राने तर १९८८ सालीच स्वतःचा कायदा करून देशात पुढाकार घेतला होता. त्यामुळे सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत जागेबाहेर मंगल कार्यालयात उचलून नेता येत नाही. कायद्याचा हेतू पूर्णपणे योग्य आहे. मार्ग सोपा आहे: शिबिरात फक्त नावे नोंदवावीत, आणि जवळच्या नोंदणीकृत केंद्राशी बोलून ज्येष्ठांना ठरावीक सकाळी पाच-पाच, दहा-दहाच्या गटाने तेथे पाठवावे.

राळेगणसिद्धीकडे पुन्हा वळावे लागते ते अंतरामुळे आणि तंबाखूमुळे. तेथून अहिल्यानगर सुमारे ४० किलोमीटर, पुणे त्याच्या दुप्पट. फुटलेल्या फुगवट्याच्या वेदना पाठीत, कुशीत किंवा पोटात एकाएकी उठतात, घाम सुटतो, भोवळ येते. आणि पुष्कळदा तो मुतखडा समजला जातो. फुगवटा असल्याचे आधी ठाऊक असेल तर पहिल्याच डॉक्टरला पहिल्याच वाक्यात ते सांगावे आणि रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया जेथे होते तेथेच थेट जावे. मधल्या दोन दवाखान्यांत गेलेला तास परत मिळत नाही.

तंबाखूच्या बाबतीत मात्र हे गाव मोठ्या शहरांच्या पुढे आहे. तेथील तरुणांनी विडी, सिगारेट, तंबाखू होळीत टाकली आणि गावच्या दुकानांतून तिची विक्री बंद झाली. दुकानदाराच्या दृष्टीने हा चालता माल होता. महाधमनीच्या फुगवट्याची जी कारणे माणसाच्या हाती आहेत त्यांत धूम्रपानाइतके मोठे दुसरे कोणतेही नाही. ब्रिटनमध्ये धूम्रपान घटले तसे ६५ व्या वर्षी फुगवटा सापडणाऱ्या पुरुषांचे प्रमाणही घटत जाऊन शंभरात एकाच्या आसपास आले आहे. जैन घरांत दारू-मांस नाही याचा आपल्याला सार्थ अभिमान असतो. पण काउंटरखालच्या सिगारेटच्या पाकिटाविषयी आणि ती विकणाऱ्या आपल्याच दुकानांविषयी आपण फार बोलत नाही.

दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी राहिल्या. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविके जुलाब किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सर्रास घेतली जातात. महाधमनीचा फुगवटा असणाऱ्यांना, दुसरा पर्याय असताना ती देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. फुगवटा असलेल्या माणसाने ती औषधे मेडिकलमधून परस्पर आणू नयेत. दुसरी गोष्ट विम्याची. अहवालात फुगवटा आल्यानंतर नवी पॉलिसी घेताना तो लपवणे म्हणजे पुढे दावा नाकारण्याचे कारण स्वतःच लिहून देणे. आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आली आहे. खरे सांगून तेवढे थांबणे परवडते. तपासणीच्या आधीपासून पॉलिसी चालू असेल तर उत्तमच.

तपासणीस जाताना चिठ्ठीवर ‘पोटाची सोनोग्राफी’ एवढेच असेल तर यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडे पाहून माणूस मोकळा होऊ शकतो. ‘महाधमनीची रुंदी पाहावी’ असे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे आणि अहवालात तो आकडा आहे ना हे तेथेच पाहावे. आतड्यांतील वायूमुळे महाधमनी झाकली जाते, म्हणून उपाशीपोटी बोलावतात. रोज चौविहार करणाऱ्या ज्येष्ठांना त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. सूर्यास्तापासून पोट रिकामेच असते; सकाळची पहिली वेळ मागून घेतली आणि पारणे तपासणीनंतर ठेवले की झाले.